रेड संचातील निकामी हार्ड डिस्क बदलणे

रेड संचातील निकामी हार्ड डिस्क बदलणे ही सर्व्हर संगणकाच्या देखभालीतील एक प्रक्रिया आहे. रेड पद्धतीने एकत्र जोडलेल्या अनेक हार्ड डिस्कपैकी एखादी बंद पडल्यास ती काढून तिच्या जागी नवी डिस्क बसवणे, हा या प्रक्रियेचा पहिला भाग होय. बंद पडलेल्या डिस्कवरील माहिती उरलेल्या डिस्कच्या आधारे पुन्हा तयार करून नव्या डिस्कवर लिहिणे, हा दुसरा भाग होय. या दुसऱ्या भागास पुनर्बांधणी किंवा रिबिल्ड असे म्हणतात. डिस्क बसवण्याचे काम काही मिनिटांत होते. पुनर्बांधणीस मात्र काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

योग्य प्रकारे रचलेल्या संचात पहिल्या डिस्कच्या बिघाडाने माहिती नष्ट होत नाही. ती नष्ट होते ती त्यानंतरच्या काळात, म्हणजे पुनर्बांधणी पूर्ण होण्याआधी झालेल्या दुसऱ्या बिघाडाने किंवा मानवी चुकीने. त्यामुळे हा काळ शक्य तितका कमी ठेवणे आणि त्या काळात चूक होऊ न देणे, हे या प्रक्रियेचे मुख्य उद्दिष्ट असते.

## पार्श्वभूमी

डिस्कवरील नष्ट झालेली माहिती इतर डिस्कच्या साहाय्याने परत मिळवण्याची कल्पना रेड या नावापेक्षा जुनी आहे. आयबीएम कंपनीतील नॉर्मन केन ओउची यांना अशा पद्धतीसाठी १९७८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले होते. रेड ही संज्ञा मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ मधील शोधनिबंधामुळे रूढ झाली. मोठ्या संगणकांसाठीच्या एका महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांत वापरल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. संक्षेपातील 'आय' हे अक्षर मुळात 'स्वस्त' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे होते. पुढे त्याचा अर्थ 'स्वतंत्र' असा लावला जाऊ लागला.

डिस्कची संख्या वाढली की त्यांपैकी एखादी बंद पडण्याची शक्यताही वाढते, ही अडचण या निबंधातच मांडलेली आहे. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर अशा १०० डिस्कच्या संचात सरासरी ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, पहिला बिघाड अपेक्षित असतो. यावर उपाय म्हणून लेखकांनी जादा डिस्कवर पुनर्प्राप्तीसाठीची माहिती ठेवण्याच्या पाच पद्धती सुचवल्या. संचाचे अपेक्षित आयुष्य काढण्याच्या त्यांच्या सूत्रात दुरुस्तीस लागणारा वेळ छेदस्थानी आहे. याचा अर्थ असा की दुरुस्तीचा वेळ निम्मा केला तर संचाची विश्वासार्हता साधारण दुप्पट होते. निकामी डिस्क त्वरित बदलण्याच्या आग्रहामागे हेच गणित आहे.

## कार्यतत्त्व

रेडमध्ये माहितीचे तुकडे करून ते अनेक डिस्कवर विभागून लिहिले जातात. त्यासोबत माहितीची दुसरी प्रत किंवा तिच्यावरून काढलेली पॅरिटी साठवली जाते. पॅरिटी काढण्यासाठी 'एक्सऑर' ही द्विमान क्रिया वापरतात. या क्रियेत एकाच स्थानावरील १ या अंकांची संख्या विषम असेल तर उत्तर १ येते, सम असेल तर ० येते.

उदाहरणार्थ, तीन डिस्कवर अनुक्रमे १०११, ०११० आणि ११०० हे बिट लिहिलेले आहेत असे मानू. त्यांची पॅरिटी ०००१ येते व ती चौथ्या डिस्कवर लिहिली जाते. दुसरी डिस्क बंद पडल्यास उरलेल्या १०११, ११०० आणि ०००१ या तिघांवर पुन्हा एक्सऑर क्रिया केली की ०११० हे उत्तर मिळते. तेच हरवलेले बिट होत. पुनर्बांधणीत हीच क्रिया डिस्कच्या पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्या ब्लॉकपर्यंत केली जाते. त्यासाठी उरलेली प्रत्येक डिस्क संपूर्ण आणि निर्दोष वाचता येणे आवश्यक असते.

रेड ६ मध्ये एक्सऑर पॅरिटीखेरीज दुसरे एक स्वतंत्र मूल्य साठवतात. ते बहुधा रीड-सॉलोमन संकेतावर आधारित असते. इर्विंग रीड व गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या या संकेतामुळे दोन डिस्क एकाच वेळी गमावल्या तरी माहिती परत मिळवता येते.

| प्रकार | किमान डिस्क | सहन होणारा बिघाड | पुनर्बांधणीसाठी काय वाचावे लागते |
|---|---|---|---|
| रेड ० | २ | एकही नाही | पुनर्बांधणी शक्य नाही |
| रेड १ | २ | जोडीतील एक डिस्क | जोडीदार डिस्क |
| रेड ५ | ३ | कोणतीही एक डिस्क | उरलेल्या सर्व डिस्क |
| रेड ६ | ४ | कोणत्याही दोन डिस्क | उरलेल्या जवळजवळ सर्व डिस्क |
| रेड १० | ४ | प्रत्येक जोडीतील एक डिस्क | फक्त जोडीदार डिस्क |

## रेड कंट्रोलरची भूमिका

हार्डवेअर रेडमध्ये हे सर्व काम रेड कंट्रोलर नावाचे स्वतंत्र कार्ड किंवा मदरबोर्डवरील परिपथ करतो. सर्व्हरच्या कार्यप्रणालीस संच ही एकच मोठी डिस्क म्हणून दिसते. एखादी डिस्क बंद पडल्यास कंट्रोलर तिला 'फेल्ड' ठरवतो आणि संचाची अवस्था 'डिग्रेडेड' अशी नोंदवतो. पॅरिटीवर आधारित संचात त्या डिस्कवरील माहिती मागितली गेली की कंट्रोलर ती प्रत्येक वेळी गणिताने काढून देतो. त्यामुळे काम चालू राहते. मात्र वेग मंदावतो.

वापरकर्त्याला फरक जाणवत नसल्यामुळे बिघाड लक्षात न येणे, हा या व्यवस्थेचा एक दोष आहे. सूचना पाठवण्याची सोय सुरू केलेली नसेल तर संच कित्येक महिने डिग्रेडेड अवस्थेत चालत राहतो आणि दुसरी डिस्क बंद पडल्यावरच पहिलीचा बिघाड उघडकीस येतो. म्हणून कंट्रोलरकडून ई-मेलद्वारे सूचना मिळण्याची व्यवस्था करणे व दिव्यांची नियमित पाहणी करणे आवश्यक मानले जाते.

लेखनाचा वेग वाढवण्यासाठी अनेक कंट्रोलरमध्ये स्वतःची कॅशे स्मृती असते. वीज गेल्यास त्यातील अद्याप न लिहिलेली माहिती टिकावी म्हणून बॅटरी किंवा कपॅसिटर व फ्लॅश स्मृती यांची जोड दिलेली असते. डिस्क बदलताना या बॅटरीची स्थितीही तपासली जाते.

## बिघाडाची लक्षणे

हार्ड डिस्कचा बिघाड दोन प्रकारे समोर येतो. पहिल्या प्रकारात डिस्क एकाएकी प्रतिसाद देणे थांबवते. दुसऱ्या प्रकारात डिस्क चालू असते; परंतु खराब सेक्टरांची संख्या वाढत जाते आणि 'स्मार्ट' या स्वयंनिरीक्षण प्रणालीकडून संभाव्य बिघाडाचा इशारा मिळतो. दुसऱ्या प्रकारात डिस्क वेळेआधीच बदलता येते.

इशारा नेहमीच मिळतो असे मात्र नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासणीत पहिली त्रुटी आढळलेल्या डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता त्रुटी नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट अधिक असल्याचे त्यात दिसून आले. त्याच वेळी, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार सर्वांत महत्त्वाच्या निर्देशकांपैकी एकानेही पूर्वसूचना दिलेली नव्हती. त्याच वर्षी बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिस्क बदलण्याचे वार्षिक प्रमाण सामान्यतः २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. उत्पादकांच्या माहितीपत्रकांवरून निघणारे प्रमाण ०.८८ टक्क्यांहून अधिक नव्हते.

कधी कधी डिस्क निर्दोष असूनही संचाबाहेर टाकली जाते. घरगुती वापराच्या काही डिस्क खराब सेक्टर वाचण्याचा प्रयत्न बराच वेळ करत राहतात. तोवर कंट्रोलरचा धीर संपतो व तो डिस्कला निकामी ठरवतो. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्कमध्ये हा प्रयत्न साधारणतः ७ सेकंदांत थांबवला जातो. सैल केबल, सदोष बॅकप्लेन किंवा अपुरा वीजपुरवठा ही अशा खोट्या बिघाडाची आणखी कारणे होत. एकाच खणातील डिस्क वारंवार बंद पडत असेल तर दोष डिस्कमध्ये नसून खणात असण्याची शक्यता तपासावी लागते.

## नव्या डिस्कची निवड

नवी डिस्क निवडताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

* क्षमता : नव्या डिस्कची क्षमता जुन्या डिस्कइतकी किंवा अधिक असावी लागते. वेष्टनावर समान आकडा असूनही निरनिराळ्या उत्पादकांच्या डिस्कमधील सेक्टरांची संख्या किंचित वेगळी असू शकते. थोडीशी लहान असलेली डिस्कही कंट्रोलर नाकारतो. हा प्रश्न टाळण्यासाठी काही कंट्रोलर संच बनवतानाच प्रत्येक डिस्कची थोडी जागा वापराबाहेर ठेवतात.
* जोडणीचा प्रकार : सॅस जोडणीच्या खणात साटा डिस्क चालू शकते, साटा जोडणीच्या खणात सॅस डिस्क चालत नाही. एकाच संचात दोन्ही प्रकारांची सरमिसळ बहुतेक कंट्रोलर मान्य करत नाहीत.
* सेक्टरचा आकार : ५१२ बाइट आणि ४,०९६ बाइट सेक्टरच्या डिस्क सामान्यतः एकाच संचात चालत नाहीत.
* लेखनपद्धती : काही डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांप्रमाणे एकमेकींवर अंशतः चढवून लिहिल्या जातात. अशा डिस्कवर दीर्घकाळ लेखन केल्यास वेग फार घटतो व पुनर्बांधणी रेंगाळते किंवा अयशस्वी होते. २०२० मध्ये साठवण-सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्ये ही पद्धत जाहीर न करता वापरल्याचे उघड झाले, तेव्हा या प्रश्नाकडे वापरकर्त्यांचे लक्ष वेधले गेले.
* पूर्वीचा वापर : अन्य संचात वापरलेल्या डिस्कवर त्या संचाच्या रचनेची नोंद शिल्लक असते. कंट्रोलर अशा डिस्कला 'फॉरिन' ठरवतो आणि ती नोंद पुसल्याशिवाय पुनर्बांधणी सुरू करत नाही.

## प्रक्रिया

बहुतेक सर्व्हरमध्ये डिस्क समोरील खणांत कॅडी नावाच्या चौकटीत बसवलेल्या असतात व सर्व्हर चालू असतानाच काढता-घालता येतात. या सोयीस हॉट-स्वॅप म्हणतात. प्रक्रियेचे टप्पे सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात.

1. संचाचा प्रकार, त्याची अवस्था आणि बंद पडलेल्या डिस्कचा खणक्रमांक व अनुक्रमांक कंट्रोलरच्या व्यवस्थापन प्रणालीतून नोंदवून घेतला जातो. यासाठी स्टोरसीएलआय, पर्कसीएलआय, एसएसएसीएलआय यांसारखी साधने वापरली जातात.
2. संचातील इतर डिस्कच्या त्रुटींची संख्या पाहिली जाते. एक डिस्क बंद पडलेली आणि दुसरीविषयी केवळ इशारा आलेला असेल तर आधी बंद पडलेली डिस्क बदलून पुनर्बांधणी पूर्ण होऊ द्यावी लागते. त्यानंतरच दुसरी काढता येते.
3. अलीकडचा बॅकअप अस्तित्वात आहे आणि तो वाचता येतो, याची खात्री केली जाते.
4. व्यवस्थापन प्रणालीतून संबंधित खणाचा दिवा लुकलुकवून डिस्क प्रत्यक्ष ओळखली जाते.
5. डिस्क अजून चालू असेल तर तिला आधी 'ऑफलाइन' करून थांबवले जाते.
6. कॅडीची कळ दाबून डिस्क थोडी बाहेर ओढली जाते आणि आतील तबकड्या थांबेपर्यंत अर्धा-एक मिनिट वाट पाहून मग पूर्ण काढली जाते. तिच्या लेबलवरील अनुक्रमांक आधीच्या नोंदीशी जुळवला जातो.
7. नवी डिस्क कॅडीत बसवून त्याच खणात शेवटपर्यंत सरकवली जाते.
8. पुनर्बांधणी आपोआप सुरू झाली का हे पाहिले जाते. नसल्यास ती आज्ञा देऊन सुरू केली जाते.
9. पुनर्बांधणी पूर्ण होऊन संचाची अवस्था 'ऑप्टिमल' झाल्याची खात्री केल्यावर संचाची सुसंगती तपासणी केली जाते.

## पुनर्बांधणीचा काळ

डिस्कची क्षमता जितक्या वेगाने वाढली तितक्या वेगाने तिच्या लेखनाचा वेग वाढलेला नाही. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने अखंड लिहिली तरी सुमारे साडेसात तास लागतात. १६ टेराबाइटच्या डिस्कला सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने सुमारे २२ तास लागतात. सर्व्हरवर नेहमीचे काम चालू असल्यास प्रत्यक्षात याहून बराच अधिक वेळ जातो. पुनर्बांधणीला कंट्रोलरच्या क्षमतेचा किती वाटा द्यायचा हे ठरवता येते. तो वाटा वाढवल्यास धोक्याचा काळ घटतो, पण वापरकर्त्यांचे काम मंदावते.

हा काळ कमी करण्यासाठी हॉट स्पेअर ठेवण्याची पद्धत आहे. हॉट स्पेअर म्हणजे सर्व्हरमध्ये आधीच बसवलेली, रिकामी राखीव डिस्क. बिघाड होताच कंट्रोलर माणसाची वाट न पाहता तिच्यावर पुनर्बांधणी सुरू करतो. नंतर निकामी डिस्कच्या जागी नवी डिस्क बसवल्यावर काही कंट्रोलर माहिती नव्या डिस्कवर हलवून स्पेअरला पुन्हा मोकळे करतात. यास कॉपीबॅक म्हणतात.

## धोके

### न वाचता येणारे सेक्टर

डिस्क वरवर निरोगी असली तरी तिच्यातील एखादा सेक्टर वाचता न येणे शक्य असते. अनेक घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात अशा त्रुटीचे प्रमाण १०० लाख कोटी बिट वाचनामागे, म्हणजे सुमारे साडेबारा टेराबाइटमागे, जास्तीत जास्त एक असे दिलेले असते. ४ टेराबाइटच्या पाच डिस्कचा रेड ५ संच पुन्हा बांधताना उरलेल्या चार डिस्कवरून १६ टेराबाइट माहिती वाचावी लागते. माहितीपत्रकातील कमाल प्रमाण जसेच्या तसे धरले तर या वाचनात किमान एक त्रुटी येण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के निघते. सर्व्हरच्या डिस्कसाठी दिलेले दहापट चांगले प्रमाण धरल्यास ती सुमारे १२ टक्के येते. प्रत्यक्षातील डिस्क या कमाल मर्यादेपेक्षा बहुधा चांगल्या चालतात. तरीही मोठ्या डिस्कसाठी रेड ५ ऐवजी रेड ६ किंवा रेड १० वापरण्याची शिफारस या गणितातूनच पुढे आली.

अशी त्रुटी आल्यास काही कंट्रोलर पुनर्बांधणी थांबवतात, तर काही तेवढा भाग खराब म्हणून नोंदवून पुढे जातात. दुसऱ्या प्रकारात संच 'ऑप्टिमल' दिसतो. पण त्या भागातील फाइल वाचता येत नाही. हे टाळण्यासाठी डिस्क निरोगी असतानाच ठरावीक काळाने सर्व सेक्टर वाचून पाहिले जातात. या तपासणीस पेट्रोल रीड म्हणतात.

### दुसऱ्या डिस्कचा बिघाड

संचातील डिस्क बहुधा एकाच वेळी खरेदी केलेल्या, एकाच बनावटीच्या आणि सारखाच वापर झालेल्या असतात. त्यामुळे त्यांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत. श्रोडर व गिब्सन यांच्या अभ्यासातही बिघाड एकमेकांच्या जवळपास येत असल्याचे आढळले होते. शिवाय पुनर्बांधणीच्या अखंड वाचनाचा ताण जुन्या डिस्कवर पडतो.

### चुकीची डिस्क काढणे

एक डिस्क बंद असलेल्या रेड ५ संचातून चुकून चांगली डिस्क काढली गेली तर संपूर्ण संच तत्क्षणी बंद पडतो. खणांची मोजणी ० पासून की १ पासून, वरून खाली की डावीकडून उजवीकडे, हे सर्व्हरगणिक वेगळे असते. त्यामुळे केवळ क्रमांकावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. दिवा आणि अनुक्रमांक या दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय डिस्क काढू नये, हा नियम यासाठीच पाळला जातो. काही सर्व्हरमध्ये जी डिस्क काढल्यास संच बंद पडेल तिच्या कॅडीवर 'काढू नका' असा वेगळा दिवा लागतो.

### चुकीच्या आज्ञा

एकाच वेळी अनेक डिस्क बंद दिसू लागल्यास दोष सामायिक भागात, म्हणजे केबल, बॅकप्लेन, वीजपुरवठा किंवा कंट्रोलर यांत असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी डिस्क बदलण्याची घाई केल्यास सावरता येण्याजोगा संच गमावला जातो. नवा संच तयार करून त्याचे 'इनिशियलायझेशन' केल्याने जुनी माहिती पुसली जाऊ शकते. फार पूर्वी बंद पडलेली डिस्क बळाने 'ऑनलाइन' केल्यास तिच्यावरील शिळी माहिती इतर डिस्कवरील ताज्या माहितीत मिसळून फाइलप्रणाली बिघडते. म्हणून डिस्क कोणत्या क्रमाने बंद पडल्या हे कंट्रोलरच्या नोंदींतून आधी पाहावे लागते.

## जुन्या डिस्कची विल्हेवाट

निकामी ठरलेल्या डिस्कवरील माहिती पुष्कळदा वाचता येण्याजोगी असते. रेड १ मधील डिस्कवर तर संपूर्ण प्रत असते. रेड ५ मधील एका डिस्कवरही सलग तुकड्यांच्या रूपात पत्ते, क्रमांक किंवा लहान फाइली सापडू शकतात. त्यामुळे डिस्क पुसणे, चुंबकीय क्षेत्राने निष्प्रभ करणे किंवा तिचे तुकडे करणे असे उपाय योजतात. स्वतःच माहिती सांकेतिक रूपात साठवणाऱ्या डिस्कच्या बाबतीत केवळ किल्ली नष्ट केली तरी पुरते. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार संगणक व त्यांचे भाग यांच्या पुनर्चक्रणाची व्यवस्था नोंदणीकृत संस्थांमार्फत करणे अपेक्षित आहे.

## सॉफ्टवेअर रेड आणि नव्या पद्धती

लिनक्समधील एमडी ही सॉफ्टवेअर रेड प्रणाली कंट्रोलरशिवाय हीच कामे करते. तिचे व्यवस्थापन एमडीएडीएम या साधनाने होते. झेडएफएस या फाइलप्रणालीस कोणते ब्लॉक वापरात आहेत हे ठाऊक असते. त्यामुळे ती डिस्कच्या रिकाम्या भागाची पुनर्बांधणी करत नाही. शिवाय प्रत्येक ब्लॉकची पडताळणी-बेरीज साठवलेली असल्याने चुकीची वाचलेली माहितीही ती ओळखते. काही नव्या रचनांमध्ये राखीव जागा एका डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कवर विखुरलेली असते. पुनर्बांधणीचे लेखन त्यामुळे अनेक डिस्कवर एकाच वेळी होते आणि धोक्याचा काळ कमी होतो.

## रेड आणि बॅकअप

रेड हा बॅकअपचा पर्याय नाही. चुकून पुसलेली फाइल, खंडणीखोर विषाणूने सांकेतिक केलेली माहिती किंवा सदोष आज्ञावलीने केलेला बदल रेड तितक्याच निष्ठेने सर्व डिस्कवर लिहितो. आग, पूर, चोरी व कंट्रोलरचा बिघाड यांपासूनही तो संरक्षण देत नाही. डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, एवढाच रेडचा हेतू आहे. पुनर्बांधणी अयशस्वी झाल्यास माहिती परत मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे अन्यत्र ठेवलेला आणि पुन्हा उतरवून पडताळलेला बॅकअप होय.

## हेही पहा

* हार्ड डिस्क
* सर्व्हर
* रीड-सॉलोमन संकेत
* बॅकअप
* झेडएफएस